लॉख लोमंडला पहिल्यांदा जाताना: आधी परतीची गाडी, मग सरोवर

ग्लासगोत नवीन आलेल्या माणसाला महिनाभरात ऑफिसमधलं, वर्गातलं किंवा शेजारचं कोणीतरी सांगतंच, "लोमंडला जाऊन या." कसं जायचं, कुठल्या बाजूला उतरायचं, परत कसं यायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. इथे वाढलेल्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. पुणेकर कधी कोणाला लोणावळ्याला कसं जायचं ते समजावून सांगतो का? मग आपण मोबाइलवर नकाशा उघडतो, ‘लॉख लोमंड’ असं टाकतो, आणि ती लाल टाचणी थेट पाण्याच्या मधोमध जाऊन बसते.

हा लेख त्या टाचणीपाशी अडकलेल्यांसाठी आहे. शिकायला आलेली मुलं, कंपनीने वर्ष-दोन वर्षांसाठी पाठवलेली मंडळी, आणि उन्हाळ्यात गावाहून आलेल्या आई-बाबांना कुठेतरी न्यायचंय पण दाराशी गाडी नाही असे सगळे. आम्ही स्वतः बहुतेक वेळा ट्रेन-बसनेच गेलोय, गाडी भाड्याने घेतली ती दोनदाच. त्यामुळे सल्लाही त्याच वळणाचा आहे.

आधी नावं आणि आकार

‘लॉख’ म्हणजे सरोवर. समुद्राचा जमिनीत घुसलेला लांब फाटा असेल तर त्यालाही इथे लॉखच म्हणतात, म्हणून नकाशावर लॉख लाँग दिसलं तर ते गोड्या पाण्याचं समजू नका. शेवटचा ‘ख’ घशातून काढायचा. दक्षिणेकडचे इंग्रज त्याला सरळ ‘लॉक’ म्हणून मोकळे होतात, आपल्याला मात्र ‘ख’ सवयीचा असल्याने पहिल्याच दिवशी स्थानिकांकडून शाबासकी मिळते. बालमहा या गावाच्या नावात जोर शेवटच्या ‘हा’वर. हे नाव ऐकून माझे बाबा म्हणाले होते, "हे कुठल्या पुराणातलं?" बालमहाच्या वाटेवर ड्रिमन लागतं, त्याचं स्पेलिंग वाचून ‘ड्रायमेन’ म्हणालात तर बसचालक हसतो, पण उतरवतो बरोबर जागी.

आकाराचा अंदाज मात्र निघण्याआधीच घ्या, कारण फसगत तिथेच होते. लोमंडची लांबी साधारण ३६ किलोमीटर आहे. सीएसएमटीहून लोकलमध्ये बसलात तर ठाणं मागे टाकाल, एवढी. क्षेत्रफळ सुमारे ७१ चौरस किलोमीटर. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड ज्या बेटावर आहेत, त्या बेटावरचं हे सगळ्यांत पसरलेलं गोडं पाणी. आणि महत्त्वाचं म्हणजे याला फेरी मारता येत नाही. पश्चिमेच्या काठाने ए-८२ हा मोठा रस्ता वरपर्यंत जातो. पूर्वेच्या काठाचा रस्ता रोवर्डेनन या ठिकाणी संपतो आणि पुढे फक्त पायवाट. मध्ये पूलबिल काही नाही. तेव्हा "सकाळी जाऊ, गोल फिरू, संध्याकाळी परत" हा बेत आत्ताच खोडून टाका आणि एक काठ निवडा.

काठ कसा निवडायचा

सोबत कोण आहे, यावरून.

बाबागाडीतलं मूल किंवा कुरकुरणारे गुडघे बरोबर असतील तर बॅलख. सरोवराचं हे दक्षिणेचं टोक, लेव्हन नदी इथून बाहेर पडते आणि डंबार्टनला क्लाइड नदीला मिळते. ट्रेन थेट येते. स्टेशनातून बाहेर पडून सपाट रस्त्याने पंधरा मिनिटांत पाणी दिसतं. दुकानं, खाणं, स्वच्छतागृहं, तासाभराच्या बोटफेऱ्या, सगळं हाताशी. धक्क्यावर ‘मेड ऑफ द लॉख’ नावाची पॅडल स्टीमर, म्हणजे बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणारी आगबोट, उभी आहे. ही १९५३ साली ग्लासगोत बांधली, तुकडे सुटे करून इथे आणली आणि पुन्हा जोडली. १९८१ पासून प्रवासी वाहतूक बंद आहे, एक धर्मादाय संस्था तिची डागडुजी करतेय. नदीच्या पुलापलीकडे बॅलख कॅसलची बाग आहे. वाडा बंदच असतो, पण समोरचं गवताळ उतरण थेट पाण्यापर्यंत जातं. सतरंजी टाकून डबा उघडायला याहून चांगली जागा नाही. खरं सांगायचं तर बॅलखला लोमंडचं दर्शन होतं, भेट होत नाही. डोंगर दूर राहतात.

फोटोंची हौस असेल तर लस. पश्चिम काठावरचं छोटंसं गाव, दगडी बैठी घरं, दारात गुलाब, समोर लाकडी धक्का आणि पाण्यापलीकडे बेन लोमंड हा डोंगर. उन्हाळ्यातल्या शनिवारी दुपारी इथे जत्रा असते, जत्रा. सकाळी दहाच्या आत पोचा, नाहीतर चारनंतर जा.

टार्बेटला जायचं ते बोटीसाठी. वरच्या अंगाला सरोवर अरुंद होतं, दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात, आणि बोट पलीकडच्या काठावर इन्व्हरस्नेडला नेते. तिथे धबधबा धक्क्याच्या अगदी शेजारी पडतो. टार्बेट या नावाचा अर्थच ‘होड्या ओढून पलीकडे नेण्याची चिंचोळी पट्टी’ असा. १२६३ साली नॉर्वेचा राजा हाकोन याच्या आरमारातल्या लोकांनी समुद्राकडच्या लॉख लाँगमधून होड्या जमिनीवरून खेचत इथे आणल्या आणि लोमंडच्या काठची, बेटांवरची गावं लुटली. समुद्राकडून कोणी येईल अशी त्या लोकांनी कल्पनाही केली नसणार. आज तीच पट्टी तुम्ही स्टेशनपासून धक्क्यापर्यंत वीसेक मिनिटांत चालून जाता, तेही उतारावर.

आणि दोन तास चालायची तयारी असेल तर बालमहा. माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीला हेच. पण बालमहाचं पुढे सविस्तर सांगते, आधी पोचायचं बघू.

ट्रेन, बस आणि माझी चूक

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनला दोन मजले आहेत, हे नवीन माणसाला माहीत नसतं. बॅलखची गाडी खालच्या मजल्यावरून, जमिनीखालच्या ८ आणि ९ नंबरच्या फलाटांवरून सुटते. साधारण अर्ध्या तासाला एक, वेळ पाऊण तासाच्या आसपास. त्याच फलाटावर हेलन्सबराची गाडीही येते. चुकून तीत बसलात तर घाबरू नका, डंबार्टन सेंट्रलला उतरा आणि मागून येणारी बॅलख धरा. १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचं जास्तीचं भाडं बंद केलं आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघालात म्हणून तिकीट महाग पडत नाही.

टार्बेटला जाणारी गाडी वेगळी. ती वरच्या मजल्यावरून सुटते आणि दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात. स्टेशनचं नाव ‘अरोखर अँड टार्बेट’. हीच गाडी पुढे क्रियनलॅरिखला दुभंगते, अर्धी ओबानला आणि अर्धी मॅलेगकडे, पण आपण त्याआधीच उतरतो, तेव्हा कुठल्याही डब्यात बसा. जाताना डावीकडची खिडकी धरा.

लससाठी ग्लासगोच्या ब्युकॅनन बस स्थानकातून लांब पल्ल्याच्या बस मिळतात. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी जागा आधी राखून ठेवा. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्या मुलांना बसप्रवास फुकट आहे, त्यासाठी कार्ड काढावं लागतं. विद्यार्थ्यांनो, हे आल्या आल्या करा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला हे कळलं तेव्हा तिच्या बाविसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते.

बालमहाला बॅलखहून बस जाते, ड्रिमनमार्गे. आणि इथेच माझी चूक. बाबा-आई साताऱ्याहून आले होते, रविवार होता, आणि मी मोबाइलवर पाहून ठेवलेलं वेळापत्रक सोमवार ते शनिवारचं होतं. संध्याकाळी थांब्यावर आलो, पंचवीस मिनिटं उभे राहिलो, मग काचेतला कागद नीट वाचला. रविवारची शेवटची बस कधीच निघून गेली होती. बाबांनी बाकावर बसून उरलेला चिवडा संपवला आणि म्हणाले, "एसटी असती तर निदान मुक्कामी गाडी तरी असती." टॅक्सी बॅलखहून बोलवावी लागली. ती यायला पाऊण तास लागला, आणि भाड्याचा आकडा मी आईला निम्माच सांगितला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी परतीची शेवटची बस शोधायची, मग तिच्या आधीची, आणि बेत त्या आधीच्या बसवर बसवायचा. वेळा ट्रॅव्हलाइन स्कॉटलंड या संकेतस्थळावर पाहा, आणि पाहताना प्रवासाची नेमकी तारीख टाका. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं वेगळी असतात, शाळेच्या सुट्टीत त्यातही फरक पडतो. मग त्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण पूर्वेच्या काठावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

गाडीने जाणार असाल तर

आपलं भारतीय लायसन्स इथे आल्यापासून बारा महिने चालतं आणि गाडी डावीकडूनच चालवायची असते, त्यामुळे निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी अरुंद रस्त्यांची. बालमहाच्या पुढे रोवर्डेननकडे रस्ता इतका चिंचोळा होतो की समोरून गाडी आली की कोणीतरी थांबायलाच हवं. त्यासाठी रस्त्याच्या कडेला फुगवटे असतात, वर ‘पासिंग प्लेस’ अशी पाटी. फुगवटा तुमच्या डावीकडे असेल तर त्यात शिरा. उजवीकडे असेल तर त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा त्यात शिरेल. मागे कोणी घाई करत असेल तर त्यालाही असंच पुढे जाऊ द्या. नंतर हात वर करून आभार मानायचे, हे न चुकता. आणि त्या फुगवट्यात गाडी उभी करून फोटो काढायला जाऊ नका, इथे त्याचा लोकांना मनापासून राग येतो.

उन्हाचा रविवार असेल तर बालमहाचा गाडीतळ सकाळीच भरतो. भरला की भरला, रस्त्याच्या कडेला लावायची सोय नाही. आणखी एक, दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये उरलेल्या ब्रिटनपेक्षा कडक आहे. डिसेंबर २०१४ पासून १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडे ८०. गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये, हे सरळ.

बालमहा: टेकडी आणि बेट

बालमहा म्हणजे मूठभर घरं, एक बोटींची गोदी, खायची एक-दोन ठिकाणं आणि टॉम वियर या गिर्यारोहकाचा पुतळा, डोक्यावर लोकरी टोपी. दूरदर्शनवर डोंगरवाटा दाखवून ते घराघरांत पोचले होते. माणसं शेजारी उभी राहून फोटो काढतात, पोरं टोपीवर हात फिरवतात.

गाडीतळाच्या मागून कॉनिक हिलची वाट सुरू होते. उंची ३६१ मीटर. जाऊन-येऊन दोन ते अडीच तास, फोटो धरून तीन. सुरुवातीला झाडी, मग पायऱ्या, मग उघडा उतार. हा रस्ता वेस्ट हायलँड वे या १५४ किलोमीटरच्या पायवाटेचाच भाग आहे. ती ग्लासगोशेजारच्या मलगायहून (लिहिताना मिल्नगॅव्ही, बोलताना मलगाय, विचारू नका का) निघून फोर्ट विल्यमला जाते, म्हणून पाठीवर घराएवढी पोतडी घेतलेले लोक समोरून येतात. त्यांना वाट द्या, त्यांची चाल मोडू नका.

चढताना पायाखाली बघा. तांबूस दगडात गोल गोल पांढरे-करडे गोटे अडकलेले दिसतील, बिगाऱ्याने घाईत ओतलेल्या काँक्रीटसारखे. प्राचीन नद्यांनी वाहून आणलेले गोटे एकत्र घट्ट होऊन झालेला हा दगड. मग टेकडीच्या खांद्यावर पोचून मागे वळा. इंचकॅलख, टॉरिन्च, क्रिंच आणि इंचमरिन ही बेटं पाण्यातून एका ओळीत पलीकडच्या काठापर्यंत गेलेली दिसतात, आणि तुम्ही उभे आहात ती टेकडीही त्याच ओळीत. हायलँड्सची, म्हणजे इथल्या डोंगराळ मुलखाची, भ्रंशरेषा (जमिनीतली जुनी भेग) म्हणतात ती हीच. दक्षिणेला सखल शेतीचा स्कॉटलंड, उत्तरेला डोंगरांचा. सरोवर खोदलं ते हिमनद्यांनी. दक्षिणेच्या मऊ खडकात हिम पसरलं म्हणून तिकडे पाणी रुंद, उथळ आणि बेटांनी भरलेलं. उत्तरेच्या कठीण खडकात ते अरुंद दरीत कोंडलं म्हणून तिथे खोली १९० मीटरच्या आसपास जाते. पाण्याची पातळी समुद्रापासून जेमतेम ८ मीटर वर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली. वेगवेगळे काठ इतके वेगळे का दिसतात, ते या एका जागेवरून कळतं. म्हणून मी पहिल्यांदा येणाऱ्याला इथे आणते.

खरं शिखर पायवाटेच्या थोडं बाजूला आहे आणि तिथला चढ घसरडा. आई खांद्यावरच थांबली, दगडावर बसली, आणि तिला दिसायचं ते सगळं तिथूनच दिसलं.

टेकडी नको असेल तर बेट. गोदीतून छोटी होडी पाच-दहा मिनिटांत इंचकॅलखला सोडते. आधी फोन करून विचारा, कारण हिवाळ्यात आणि वाऱ्याच्या दिवशी ती सुटेलच असं नाही. उतरताना परतीची वेळ नावाड्याशी पक्की करा (परत तेच). या बेटावर आठव्या शतकात केंटिगर्ना नावाची आयर्लंडहून आलेली साध्वी राहत होती असं सांगतात, आणि बेटाच्या नावातही त्या म्हातारीचाच उल्लेख आहे. जुन्या चर्चचा पाया आणि दफनभूमी अजून आहे, मॅकग्रेगर घराण्याचे दगड तिथे आहेत. बाकी सगळं ओकचं रान. ही झाडं एके काळी सालीसाठी राखलेली होती, ती साल कातडं कमवायला लागायची. एप्रिल अखेर ते मेच्या मध्यापर्यंत या झाडांखाली ब्लूबेलची निळी फुलं इतकी दाट येतात की दुरून जमिनीवर धूर साचल्यासारखा वाटतो. कासच्या पठाराशी तुलना करायचा मोह होतो, पण कास उघड्यावर उन्हात फुलतं, हे सावलीत. बेटावर दुकान नाही, पाणी नाही. डबा न्या आणि केळ्याच्या सालीसकट सगळा कचरा परत आणा.

बेन लोमंडबद्दल थोडक्यात, कारण पहिल्या भेटीत तो करू नये असं माझं मत आहे. उंची ९७४ मीटर. "आपण कळसूबाई केलंय, १६४६ मीटर" असं म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. पण बारी गाव मुळात उंचावर आहे आणि इथे चढ पाण्याच्या काठापासून सुरू होतो, म्हणजे जवळपास सगळे ९५० मीटर चढावे लागतात. वर वारा आणि ढग. पाच तास धरा, ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा कागदी नकाशा घ्या, आणि डोंगराच्या हवामानाचा वेगळा अंदाज पाहा. ग्लासगोतलं ऊन वरच्या हवेबद्दल काहीही सांगत नाही.

केव्हा जायचं

मे. पाऊस त्या मानाने कमी, दिवस मोठा, फुलं, आणि चिलटं अजून पुरती जागी झालेली नसतात. दुसरा क्रमांक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्य, तेव्हा डोंगरावरचे नेचे तांबूस होतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात दुपारी दोनला कुठल्याही टेकडीवर चढायला सुरुवात करू नका.

चिलटं, गोचीड आणि पाणी

इथल्या ‘मिज’ या चिलटांबद्दल लोक विनोद करतात म्हणून नवीन माणूस ते मनावर घेत नाही. लसच्या धक्क्यावर जुलैची एक संध्याकाळ होती. पाणी आरशासारखं झालं, आम्ही "अहाहा" म्हणालो, आणि दोन मिनिटांत बाबांच्या टकलावर मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. प्रत्येक कण चावत होता. वारा पडला, हवा दमट झाली, सूर्य कलला की ती झाडी-गवतातून उठतात. वाऱ्याची जराशी झुळूक आली तरी त्यांना उडता येत नाही. म्हणून उपाय साधा आहे, संध्याकाळी उघड्या, वारा लागणाऱ्या जागी बसा. औषधाच्या दुकानात ‘स्मिज’ नावाचा फवारा मिळतो, डोक्यावर ओढायची बारीक जाळीही मिळते. ती घातल्यावर आपण मधाचं पोळं काढायला निघालोय असं दिसतं, पण तिथे सगळेच तसे दिसतात.

गोचीड जास्त गंभीर, कारण तिच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. नेच्यांमधून आणि उंच गवतातून चालताना पॅन्ट मोज्यात खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, लहान मुलांच्या केसांत बघा. दिसली तर तेल, तूप, काडेपेटी यातलं काही करू नका. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा कणकण वाटली तर डॉक्टरांकडे जाऊन गोचीड चावल्याचं सांगा.

आता पाणी. उन्हाच्या दिवशी पोरं धडाधड उड्या मारताना दिसतात आणि आपल्यालाही पाय ओले करावेसे वाटतात. पाय जरूर ओले करा. पण पोहायला उतरण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं, एकदम उतरलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि पट्टीचा पोहणाराही गडबडतो. दुसरं, काठापासून चार पावलांवर तळ अचानक संपतो, विशेषतः उत्तरेच्या बाजूला. लसचं चर्च पाहाल तेव्हा आठवा की ते १८७५ साली सर जेम्स कोल्हून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं. वडील डिसेंबर १८७३ मध्ये समोरच्या बेटावरून शिकार करून परतताना सोबतच्या माणसांसह याच पाण्यात बुडाले. त्यांच्याच जमिनी, त्यांचंच सरोवर. कधी पाण्यात पडलातच तर हातपाय न मारता आधी उताणे तरंगा, श्वास आवरला की मग काठाकडे या. मदतीसाठी ९९९. डोंगरावर अडकलात तर त्याच नंबरवर पोलीस हवेत म्हणा आणि बचाव पथक हवंय म्हणून सांगा, ते पोलिसांमार्फतच येतं.

कपडे आणि डबा

छत्री घरी ठेवा, वाऱ्यात ती उलटीच होते. टोपी असलेला पावसाळी कोट घ्या. जीन्स भिजली की दिवसभर थंड पट्टीसारखी पायाला चिकटते, म्हणून ती नको. आईने पंजाबी ड्रेसवर बूट घातले होते, तिला काही अडलं नाही. बाबांची माकडटोपी मे महिन्यातसुद्धा कामाला आली.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी मंडळींनी दोन ठिकाणी विचारून घ्यावं. इथलं मसुरीचं सूप दिसायला आपल्या आमटीची बहीण, पण ते बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. बटाट्याच्या चिप्स (म्हणजे वेफर्स नव्हे, फ्रेंच फ्राइज) कधीकधी गाईच्या चरबीत तळतात. न संकोचता विचारा, सांगतात. हॅगिस हा इथला मूळचा मांसाचा पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस मात्र मिळतं आणि चांगलं लागतं, डाळी-ओट्सचं, मिरपूड सढळ. गोडात ‘टॅब्लेट’ घ्या. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची ही रवाळ वडी खाऊन आई म्हणाली, "बर्फीच की, साखर जास्त झालीये." तरी माझा नियम म्हणजे डबा घरूनच न्यायचा. दशम्या, कोरडी चटणी, गुळाच्या पोळ्या. गारठ्यात पोळी-भाजीतली भाजी थंडगार होते, दशमीला काही होत नाही. पाण्याची बाटली नळावर भरा. नाहीतरी ग्लासगोच्या नळाला येणारं पाणी लोमंडच्या शेजारच्या लॉख कॅट्रिनचं आहे, १८५९ पासून.

तंबू टाकायचा असेल तर एक नियम. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात चालायची, राहायची मुभा आहे, पण लोमंडच्या काठांवर गर्दीमुळे १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात ठरवून दिलेल्या पट्ट्यांमध्ये परवाना लागतो. तो राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर मिळतो. शेकोटी पेटवू नका, सुक्या गवताला वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

परतताना

बॅलखहून ग्लासगोला येताना गाडीत उजवीकडची खिडकी पकडा. डंबार्टन ईस्ट गेलं की डंबार्टनचा जुन्या ज्वालामुखीचा खडक आणि त्यावरचा किल्ला दिसतो, मग गाडी क्लाइडच्या काठाकाठाने धावते आणि वरून अर्स्किनचा उंच पूल जातो. बूट चिखलाने माखलेले असतील, ते समोरच्या सीटवर ठेवू नका. पॅन्टचे पाय मात्र एकदा गाडीतच झटकून बघा, गोचीड घरी न्यायची नाही.